चुलत घरातली जुनी कागदपत्रं

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाचा दुसरा भाग उघडला की पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. बराच पुढे प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा येतो आणि त्यात ‘शीर्षसमपृष्ठरज्जू’ अशा जड नावाच्या एका उपसंघाला चार-पाच ओळी मिळतात. माशासारखे लहान सागरी प्राणी, समपृष्ठरज्जू (पाठीतला आधाराचा दांडा) सगळ्या शरीरभर, घसा मोठा आणि त्याला कल्लाविदरं, म्हणजे कल्ल्यांच्या फटी, उदाहरण ॲम्फिऑक्सस. मुलं हे नाव घोकतात, गाळलेल्या जागेत भरतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. माझं म्हणणं असं की या प्राण्याला तक्त्यातून काढून पहिल्या धड्यात आणावं, आणि तो पहिला धडा दहावीतून कोणत्याही कारणाने हलवू नये.

हे आत्ताच लिहायला कारण आहे. 2023 साली आलेल्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा नुसता ‘आनुवंशिकता’ होऊन उरला. देशातल्या 1800हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. उत्तर असं आलं की कोविडनंतर मुलांवरचं ओझं हलकं करायचं होतं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. त्याच वर्षी जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचं 108वं अधिवेशन आपल्या नागपुरात, विद्यापीठाच्या आवारात भरलं होतं. विज्ञानाचा एवढा मोठा सोहळा ज्या शहरात झाला, तिथल्या सीबीएसईच्या मुलांच्या दप्तरातून काही महिन्यांत डार्विन निघून गेला. राज्य मंडळाच्या पुस्तकात तो अजून आहे. पण आपल्याकडेही सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणायचं सरकारने 2025मध्ये जाहीर केलं आहे. तो दहावीपर्यंत पोचेल तेव्हा आपला पहिला धडा टिकेल का, हा प्रश्न मला सतावतो. पुस्तक छापून झाल्यावर ओरडून काही होत नाही.

मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. काटोलकडून येणारा मुलगा विचारेल, नाहीतर धरमपेठेतली मुलगी विचारेल, शब्द थोडेफार तेच: “मॅडम, माकडापासून माणूस झाला, तर मग आताची माकडं काहून माणूस नाही होऊन राहिली?” वर्ग हसतो. मी हसत नाही, कारण प्रश्न प्रामाणिक असतो. जानेवारी 2018मध्ये केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादला जवळजवळ हाच मुद्दा मांडून डार्विनला चुकीचं ठरवलं होतं आणि देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढून उत्तर द्यावं लागलं होतं. मुलाच्या आणि मंत्र्याच्या डोक्यात चित्र एकच असतं: खाली जिवाणू, त्यावर मासा, त्यावर बेडूक, माकड आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आपण. अशी शिडी मनात बसली की खालच्या पायरीवरचे वर का चढत नाहीत, हे विचारणं साहजिकच आहे. शिडी मोडायची असेल तर माकडाचं उदाहरण फार जवळचं पडतं. त्यात मानापमान मध्ये येतो. ॲम्फिऑक्ससच्या बाबतीत कुणाचा अपमान होत नाही.

हा प्राणी पाच-सहा सेंटिमीटरचा. अर्धपारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळता, भाल्याच्या पात्यासारखा, म्हणून त्याला लान्सलेटही म्हणतात. उथळ समुद्राच्या भरड वाळूत शेपटीकडून घुसतो, तोंड तेवढं पाण्यात ठेवतो आणि आलेल्या पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो. जगात त्याच्या तीसेक जाती आहेत, भारताच्या किनाऱ्यांवरही तो सापडतो. नागपूरपासून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांना ॲम्फिऑक्सस भेटतो तो काचपट्टीवर.

आमच्या प्रयोगशाळेत अशी एक जुनी काचपट्टी आहे. लेबल पिवळं पडलेलं, शाई फिकी. घशाच्या भागातून घेतलेला आडवा छेद, कार्मिनने गुलाबी रंगवलेला. कमी भिंगाखाली धरली की आधी मुलांना नुसता गुलाबी पसारा दिसतो. मी त्यांना शेजारी गांडुळाची काचपट्टी लावायला सांगते आणि एकच काम देते: दोन्हींत चेतारज्जू, म्हणजे चेतातंतूंची मुख्य दोरी, शोधा. गांडुळात तो पोटाच्या बाजूला, आतड्याच्या खाली असतो. ॲम्फिऑक्ससमध्ये तो पाठीकडे असतो, आतून पोकळ, कडेला काळसर ठिपके. त्याच्या लगेच खाली, त्याहून चांगला मोठा, एक अंडाकृती गोळा. हा समपृष्ठरज्जूचा छेद. दोन्ही अंगांना स्नायूंचे जाड तुकडे. खाली प्रशस्त घसा आणि त्याच्या भिंतीत फुटलेल्या बांगडीच्या काचांसारख्या तिरप्या ओळीने लावलेल्या कल्ल्यांच्या पट्ट्या. हाड एकही नाही. जबडा नाही, हातपाय नाहीत, हृदय म्हणावं असा अवयव नाही, रक्ताला रंग नाही. तरीही आराखडा पाहा. पाठीवर पोकळ चेतारज्जू, त्याखाली आधाराचा दांडा, त्याखाली अन्नमार्ग. मुलांना मी स्वतःच्या पाठीवरून हात फिरवायला सांगते. क्रम तोच.

इथे मी माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं मी वर्गात सांगत आले की ॲम्फिऑक्सस हा आपला पूर्वज. एकदा बारावीतल्या एका मुलीने मला थांबवलं. जात पडताळणीसाठी तिच्या घरी तेव्हा कागदपत्रांची धावपळ चालली होती. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाऊ पाहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना हे ठाऊक असतं: प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढायची, पणजोबापासून फांद्या खाली आणायच्या, शाळेचे जुने दाखले, कोतवाल बुकाच्या नकला गोळा करायच्या. तिच्या स्वतःच्या आजोबांचा दाखला काही मिळत नव्हता. चुलत काकांच्या घरी पेटीत जुने कागद निघाले आणि चुलत भावाचं वैधता प्रमाणपत्रही होतं. ती म्हणाली, “मॅडम, हा प्राणी तर आजही जिवंत आहे. मग तो आपला पणजोबा कसा? तो चुलत घरचा झाला नं? पणजोबाचे कागद त्याच्याकडे राहिले, एवढंच.”

उत्क्रांतीच्या पुराव्याचं याहून नेमकं वर्णन मी मराठीत ऐकलेलं नाही. आजचा कुठलाही प्राणी आजच्या दुसऱ्या प्राण्याचा पूर्वज नसतो. माकडं माणूस होऊन राहिली नाहीत, कारण ती आपल्या मागच्या पायरीवर उभीच नाहीत, ती शेजारच्या फांदीवर आहेत. आपण आणि ॲम्फिऑक्सस दोघंही पन्नास कोटी वर्षांहून आधीच्या एका पणजोबाचे वारस. आपलं घर तेव्हापासून इतक्या वेळा पाडून बांधलं गेलं की मूळ नकाशा ओळखू येत नाही. त्या घरी तुलनेने कमी मोडतोड झाली. म्हणून आपल्या घराचा मूळ नकाशा शोधायला त्यांच्या दारी जायचं.

ही जाण शास्त्रज्ञांनाही सावकाश आली. 1774मध्ये पीटर पॅलस यांनी हा प्राणी वर्णिला तो बिनशंखाची गोगलगाय म्हणून. 1834मध्ये कोस्टा यांनी नेपल्सला त्याचं ब्रँकिओस्टोमा असं नामकरण केलं, आणि ते नावही तोंडाभोवतीचे तंतू कल्ले समजून दिलेलं. ॲम्फिऑक्सस हे नाव दोन वर्षांनी यॅरल यांनी दिलं. 1867मध्ये कोवालेव्हस्की या रशियन संशोधकाने त्याच्या अंड्यापासून पिल्लापर्यंतच्या अवस्था पाहिल्या आणि पाठीवरचा चेतारज्जू तयार होण्याची रीत पृष्ठवंशीयांसारखीच, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसारखीच, असल्याचं दाखवलं. मग शंभरेक वर्षं तो आपला सगळ्यात जवळचा नातेवाईक मानला गेला. 2006मध्ये जनुकांच्या मोठ्या तुलनेने तेही बदललं. ॲसिडियन म्हणून एक प्राणी आहे, मोठेपणी खडकाला चिकटलेल्या पिशवीसारखा दिसणारा. त्याच्या पोहणाऱ्या अळीच्या शेपटीत समपृष्ठरज्जू असतो. त्याचा गट, पुच्छसमपृष्ठरज्जू, आपल्याला अधिक जवळचा निघाला आणि ॲम्फिऑक्ससची फांदी त्याआधीच वेगळी झालेली ठरली. पण त्या जवळच्या भावाने जनुकांची मांडणी पार विस्कटून टाकली आहे. जुनी पेटी जपली ती लांबच्याने.

त्या पेटीतले दोन-तीन कागद इथे उघडून दाखवायलाच हवेत, कारण दहावीच्या मुलाला हेच दाखवता येण्याजोगं आहे.

पहिला दांड्याचा. ॲम्फिऑक्ससमध्ये समपृष्ठरज्जू जन्मभर राहतो आणि थेट नाकाडाच्या टोकापर्यंत जातो. माणसाच्या गर्भातही तो तिसऱ्या आठवड्यात तयार होतो. पुढे त्याच्याभोवती मणके येतात आणि दांडा म्हणून तो नाहीसा होतो. मात्र सगळाच जात नाही. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिच्या मधला मऊ, जेलीसारखा गाभा त्याच्यापासूनच बनतो. आपल्याकडे ‘गादी सरकली’ हा शब्द घरोघरी आहे. खड्ड्यांतून दुचाकी चालवून कंबर धरलेल्या वडिलांचा एमआरआय मुलांनी पाहिलेला असतो. गादी फाटून बाहेर येतो तो हाच गाभा. वाळूत दडलेल्या त्या प्राण्याच्या पाठीतला दांडा आणि बाबांच्या रिपोर्टमधल्या एल-4, एल-5 या कमरेच्या मणक्यांमधल्या गादीचा गाभा यांचं मूळ एक आहे, हे कळलेला मुलगा समपृष्ठरज्जू हा शब्द पुन्हा विसरेल असं मला वाटत नाही.

दुसरा कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ॲम्फिऑक्ससच्या घशाच्या तळाशी एक लांबट खोबण असते, एंडोस्टाइल. ती चिकट द्रव सोडते आणि त्यात अन्नकण अडकतात. आता आपली थायरॉइड ग्रंथी गर्भात कुठून उगवते? घशाच्या तळातूनच. केवळ जागा जुळली म्हणून नातं मानायचं का? नाही. थायरॉइडचं खास काम आयोडीन पकडून त्यापासून संप्रेरक बनवणं. नातं खरं असेल तर त्या खोबणीतही आयोडीनचा मागमूस लागायला हवा. तपासलं गेलं, आणि लागला. पुढे लॅम्प्रे हा जबडा नसलेला मासा पाहा. त्याच्या अळीत एंडोस्टाइल असतं, अळीचा प्रौढ मासा होताना त्याच एंडोस्टाइलची थायरॉइड ग्रंथी बनते. एकाच प्राण्याच्या आयुष्यात हा बदल डोळ्यांदेखत होतो. उत्क्रांती हा ‘नुसता सिद्धांत’ आहे, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. सिद्धांताने आधी सांगितलं की इथे शोधा, आणि शोधल्यावर ते तिथे होतं. आयोडीनयुक्त मीठ आणि गलगंड शाळेत शिकवतोच आपण. त्याला ही चार वाक्यं जोडायला किती वेळ लागेल?

तिसरा कागद जनुकांचा. डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठे काय घडायचं हे ठरवणारी हॉक्स जनुकं ॲम्फिऑक्ससमध्ये एकाच जुडीत आहेत, एकूण 15. माणसात अशा चार जुड्या आणि मिळून 39 जनुकं. सुसुमु ओह्नो यांनी 1970मध्येच सुचवलं होतं की पृष्ठवंशीयांच्या उगमाशी सगळ्या जनुकसंचाच्या नकला झाल्या असाव्यात. 2008मध्ये फ्लोरिडाच्या ॲम्फिऑक्ससचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या एकेका तुकड्याला आपल्याकडे चार-चार तुकडे जुळताना दिसले. मूळ उतारा एक, त्याच्या दोनदा नकला, काही नकला गहाळ, काहींवर नवा मजकूर.

पेटीत जे नाही तेही बोलकं आहे. ॲम्फिऑक्ससला खरं डोकं नाही. कवटी, जबडा, चेहऱ्याची हाडं यांचा मोठा भाग पृष्ठवंशीयांच्या गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या भटक्या पेशींपासून बनतो आणि त्या पेशी या प्राण्यात नाहीत. म्हणजे पाठ आपल्याला वारशात मिळाली, चेहरा नंतरची कमाई. चीनच्या युन्नान प्रांतात चेंगजियांगच्या खडकांत 1999मध्ये वर्णिलेले, सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वीचे चिमुकले मासे ती कमाई नुकती सुरू झाल्याचं दाखवतात. त्यांना डोकं आहे, जबडा अजून नाही.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येते. ओझ्याचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. दहावीचं वर्गीकरण म्हणजे नावांची रास आहे, आणि ती पाठ करताना मुलांचे जे हाल होतात ते मी जवळून पाहते. म्हणूनच मी म्हणते, कात्री तिथे लावा. उपसंघांची आणि वर्गांची निम्मी नावं काढली तरी काही बिघडणार नाही. जोडणारे दुवे म्हणून पुस्तकात पेरिपॅटस, प्लॅटिपस, लंगफिश आहेत. तिथेच ॲम्फिऑक्सस बसवा, त्याची आपली पाठ आणि आपला घसा शेजारी ठेवून. उत्क्रांती काढून वर्गीकरण ठेवणं म्हणजे वंशावळ फाडून नुसती आडनावांची यादी हातात देणं. यादी पाठ करावी लागते. वंशावळ समजली की निम्मी नावं आपसूक लक्षात राहतात. ओझं नक्की कशाने वाढतं?

‘बारावीत आहेच’ हा युक्तिवाद मात्र मला मुळीच मान्य नाही. दहावीनंतर कुणी वाणिज्यला जातं, कुणी कलेला, कुणी आयटीआयला, पॉलिटेक्निकला. विज्ञानाला आलेल्यांतही गणित घेऊन जीवशास्त्र सोडणारे आहेत. या सगळ्यांसाठी दहावी हीच शेवटची संधी. उद्याचा वकील, तलाठी, पत्रकार, आमदार त्याच बाकांवर बसलेला असतो. आणि जे जीवशास्त्र घेऊन बारावीला येतात, त्यांच्या वाट्याला तरी काय येतं? नीटच्या शिकवणीत ब्रँकिओस्टोमा म्हणजे चार पर्यायांतला एक, ‘समपृष्ठरज्जू डोक्यापासून शेपटीपर्यंत, आयुष्यभर’. उत्तराचा गोल काळा केला की संपलं. त्या वयात, त्या घाईत पाया घालायचा नसतो.

श्रद्धेचा मुद्दा उघडपणे फार कमी लोक बोलतात, पण स्टाफरूममध्ये तो असतो. तो मांडणाऱ्यांना मी आपल्याच शहरातला माणूस दाखवते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपूरला आला. त्याने इथे शाळा काढली, आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचं. धर्मप्रसार हेच त्याचं काम होतं, आणि तोच माणूस आता शहरात आलेल्या टाकळीला खडक फोडून माशांचे खवले, शिंपले, वनस्पतींचे जीवाश्म गोळा करत होता. त्याने मिळवलेली, मांगलीच्या खडकांतली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. डार्विनचा ग्रंथ अजून यायचा होता. हिस्लॉपने खडक बंद करून ठेवले नाहीत. आपल्या पायाखालची जमीनच इतकी जुनी असताना इथल्या मुलांना प्राण्यांचा इतिहास सांगायचा नाही, हे मला पटत नाही.

मोठा खर्च लागेल असं मी काही मागत नाही. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, आणि रमण विज्ञान केंद्रात शाळांच्या सहली वर्षभर येतात. तिथे एका भिंतीवर तीन आकृत्या हव्यात, ॲम्फिऑक्सस, लॅम्प्रेची अळी आणि मानवी गर्भ, प्रत्येकात दांडा एका रंगात, घसा दुसऱ्या रंगात, आणि खाली सरळ मराठीत दहा ओळी. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे तिथे गांडुळाची आणि ॲम्फिऑक्ससची काचपट्टी शेजारी ठेवावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘पूर्वज’ आणि ‘नातेवाईक’ यांतला फरक अर्धा दिवस घोळवावा, कारण मीच तो इतकी वर्षं चुकीचा शिकवला.

एक सावधगिरी त्या प्रशिक्षणात सांगायला हवी. ॲम्फिऑक्सस हा गोठवून ठेवलेला पणजोबाही नाही. त्याच्या घरातही पन्नास कोटी वर्षं काळ गेला आहे. त्याच्या अळीचं तोंड डाव्या बाजूला असतं, ते त्याचं स्वतःचं वैशिष्ट्य. दांडा नाकाडापर्यंत गेला तो वाळूत शिरायला टोक कडक हवं म्हणून असावा. चुलत घरचा प्रत्येक कागद पणजोबाचाच असतो असं नाही, ताडून पाहावा लागतो.

दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी येईल तेव्हा मी माझी हरकत लिहून पाठवणार आहे. सोबत त्या मुलीने प्रयोगवहीच्या मागच्या पानावर काढलेली वंशावळही जोडेन. पडताळणीच्या अर्जात काढतात तशीच सरळ रेषांची: वर एक रिकामा चौकोन, त्याखाली तीन फांद्या, पहिलीवर ॲम्फिऑक्सस, दुसरीवर ॲसिडियन, तिसरीवर मासा, बेडूक, गाय आणि कोपऱ्यात तिचं स्वतःचं नाव. वरच्या चौकोनात तिने पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘नाव उपलब्ध नाही, पुरावे जोडले आहेत’.